सोनवणे काकांची मालवाहू जहाजं

अंतराळातल्या बारा ग्रहांचे मालक असूनही सोनवणे काका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला दाराबाहेर काढत आणि स्क्रीन पंच्याने पुसून घेत. "मशीन पुसल्याबिगर चालू करायची नाही, भिया," हे वर मलाच सुनावत.

सुदामा नगरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. त्या वर्षांत इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडत होत्या आणि गल्लोगल्ली माझ्यासारखे क्लास उघडत होते. शेजारचे काका मिलमध्ये जॉबर, म्हणजे माग जोडणारे आणि बिघडले तर चालू करून देणारे. मिल बंद झाल्यावर ते दुपारचे माझ्याकडे येऊन बसू लागले, आणि मी त्यांना एका खेळाचा नाद लावला. ग्रह वसवायचे, जहाजं बांधायची, शत्रू आला तर लढायचं. खेळ इंग्रजीत, मी एकदा सांगितलं, काकांना पाठ झालं.

खेळातली मेख अशी, की कारागीर मोजकेच. लढाऊ जहाजांची गोदी चालू करायची तर मालवाहू जहाजांची बंद करावी लागे. मालाच्या जहाजावर एक तोफ बसवली तरी ते फौजी ठरे आणि साध्या गोदीत बांधता येत नसे. काका फक्त मालवाहूच बांधत. "लढाऊ जहाज नुसतं उभं राहिलं तरी खर्च मागतं, भिया. माझं जहाज येताना धान्य आणतं, जाताना कापड नेतं." खेळात कापड नव्हतंच. ते लोखंडाला कापड म्हणत, आणि त्यांची चूक काढायची माझी हिंमत नव्हती.

त्यांचे थोरले भाऊ अण्णा दर रविवारी महूहून येत. फौजेतले रिटायर्ड हवालदार. वडील फौजेत, आजोबा फौजेत. मिलमध्ये गेलेले एकटे काका, आणि अण्णा ते विसरू देत नसत.

"अरे, एक तरी तोफ लाव! खानदान की इज्जत का सवाल आहे!"

"तोफेसाठी गोदी बंद करावी लागेल, अण्णा. मी कारखाना बंद करत नसतो. बात खतम."

एका रविवारी शत्रूचा ताफा काकांच्या सर्वांत लांबच्या ग्रहाकडे निघाला. पोचायला आठ पाळ्या होत्या. खेळातल्या चालीला काका पाळीच म्हणत. लढाऊ गोदी उभी करायला वेळ तेवढाच होता. अण्णा खुर्चीतून उठले. "अब तो बंद कर गोदी!"

मीही म्हणालो, "काका, ग्रह जाईल."

काकांनी चष्मा पुसला. मग धान्याने भरलेली जहाजं वाटेतच रिकामी केली आणि सगळी त्या ग्रहाकडे वळवली. तिथली माणसं चढवली. एक खेप, दुसरी खेप. आठव्या पाळीला शत्रू उतरला तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. ग्रह गेल्याचं स्क्रीनवर आलं.

आता अण्णा त्यांना सोलून काढणार, असं मला वाटलं.

"सगळे निघाले?" अण्णांनी विचारलं.

"सगळे."

अण्णा माझ्याकडे वळले. "माघार घेताना एकही माणूस मागे नाही. फौजेतसुद्धा हे हर किसीला जमत नाही. माझा भाऊ आहे हा!"

माझी छाती फुगली. शेजारी म्हणून का होईना, काका माझेही होते.

काका मात्र स्क्रीनकडेच बघत होते. "मिलचं गेट बंद झालं ना, अण्णा," ते म्हणाले, "आमच्या खात्यातले सगळे बाहेर उभे होतो. संध्याकाळपर्यंत थांबलो. घ्यायला कोणी आलं नाही."