अधिकृत आई

आमच्या बालवाडीतून मुलांना घरी सोडण्याची जुनी पद्धत अत्यंत धोकादायक होती, हे मी आरंभीच नमूद करते. दारात ओळखीचं कुणी दिसलं की मदतनीस बसंतीबाई मूल हाती देत, आणि कळंबात सगळेच ओळखीचे. एकदा माझी रेवा सोयाबीनच्या पोत्यांवर बसून, ट्रॅक्टरमधून, अगदी आनंदात घरी आली. मला दोन दिवस घास गिळवेना.

पालकसभेत मीच उभी राहिले. म्हटलं, ओळख पटल्याशिवाय मूल देऊ नये. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका शुभदाताईंनी त्रिस्तरीय लॉगिन व्यवस्था आणली: वेबसाइटवर नोंदणी, दारातल्या संगणकावर चेहरा आणि मोबाईलवर ओटीपी.

सोमवारी मी रांगेत पहिली. जाळीपलीकडे रेवा दप्तर लावून तयार. संगणकाने माझा चेहरा न्याहाळला आणि ओळख नाकारली.

"फोटो कोन्ता टाकला होता, ताई?" बसंतीबाईंनी विचारलं.

"लग्नातला. तोच एक बरा आलाय."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग मशीनची काय चूक हाय?"

"अहो, तुम्ही तर ओळखता ना मला?"

"मी ओयखतो न. पन मले आता ओयखाची परवानगी नाही. मिटिंगमंदी तुमीच तं बोलल्या."

"आई, शू आली," जाळीतून रेवा म्हणाली.

शुभदाताईंनी नियमातली सोय दाखवली: चेहरा जुळत नसल्यास केवळ ओटीपी ग्राह्य धरावा. ओटीपी आला, पियूषच्या मोबाईलवर. गॅस, वीज, माझं स्वतःचं बँकखातं, सगळीकडे मी नवऱ्याचाच नंबर देते. इथेही हात सवयीने चालला होता. पियूष कामानिमित्त फुलसावंगीला.

"यात लिहिलंय, कुणालाही सांगू नका," तो फोनवर म्हणाला.

"मी कुणीही आहे का?"

"तसं नाही गं, पण..." आणि रेंज गेली.

पियूष तसा जबाबदार माणूस. फोन लागेना म्हणून त्याने ओटीपी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला: 'केतकीला कुणीतरी सांगा.'

माझ्या मागे शेजारचे पुंडलिकराव नातवाला न्यायला उभे होते. मोबाईल वाजला. "आले न बा आकडे," म्हणत ते पुढे सरकले आणि मी वळेपर्यंत त्यांनी आकडे दाबलेसुद्धा. हिरवा दिवा लागला. 'स्वागत आहे, अधिकृत पालक.' जाळी उघडली आणि रेवा त्यांच्या हवाली झाली. नातू आतच राहिला.

मी हात पुढे केला.

"थांबा, केतकी," शुभदाताई म्हणाल्या. "मूल अधिकृत पालकाकडे आहे. तुम्ही मध्ये पडू नका, कॅमेऱ्यात नोंद होते."

"मले तं नातू पायजे होता," पुंडलिकराव म्हणाले.

"उद्या प्रयत्न करा."

रेवा त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून निघाली. मी मागून चालत होते, अनोळखी माणसाने राखावं तेवढं अंतर राखून.

महिनाअखेरीस सभेत अहवाल वाचला गेला: अनधिकृत व्यक्तीने मूल नेण्याचा एक प्रयत्न यशस्वीपणे हाणून पाडला. टाळ्यांत मीही होते.

"कोण होती हो ती बाई?" शेजारी बसलेल्या एका आईने घाबरून विचारलं.

"काय माहीत," मी म्हणाले. "पण पकडली, ते बरं झालं."

मग चौथा स्तर हवा का, असं ताईंनी विचारलं. सगळे हात वर गेले. तुमचाही गेला असता; मूल तुमचं असतं तर सर्वांत आधी.