नानाजींचा डावा गुडघा

आमच्या दिग्रसच्या गल्लीत नानाजींचा डावा गुडघा सगळ्यांच्या ओळखीचा. कधी त्यावर निरगुडीचा पाला बांधलेला, कधी एरंडाचं पान, कधी कुठल्याशा बाबाचं हिरवं तेल. उजवा मात्र कायम कोरा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुलना पाह्यजे, मास्तर. कोऱ्याशिवाय फरक कसा दिसंल?"

नानाजी कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. लाकडी स्टुलावर चढायचं, गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढायचा, धागा ओढून पाहायचा आणि ग्रेड सांगायची. पुढे कापसाचे वाईट दिवस आले आणि जिनिंग बंद पडलं. नानाजी ते स्टूल घेऊन घरी आले, आणि औषधांना ग्रेड देऊ लागले. बाजारात तेलवाल्याने मांडलेल्या बाटल्यांना ते हात लावत नसत. "वरची नोको, पेटीच्या तळातली दे." त्यांना येताना पाहिलं की तेलवाला पेटीवर बसायचा.

निकाल माझ्या ओट्यावर लागायचा. निरगुडी? "शेक बरा, बाकी फरदड." फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका कापूस. तांब्याचं कडं? "फरदड." मधमाशीचा डंख? "बाद." तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

मी कंटाळलो होतो. त्यात एकदा हा माणूस गल्लीतली नाली टुणकन उडी मारून ओलांडताना दिसला, तीही डाव्या पायावर.

"नानाजी, तुमचा गुडघा दुखत नाही."

"दुखते कोण म्हणलं? तुमच्या काकूचे दुखते."

मग खाली बसून सांगितलं. जत्रेतलं एक तेल त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांना चोळलं होतं. कातडी भाजली, फोड आले. "तवापासून पयले माह्यावर. राळेगावले नातीचं बारसं हाय. येष्टीची पायरी चढता आली पाह्यजे तिले. दोन वर्स झाले, पोरीच्या घरी गेली नाही ती."

मला माझ्या कंटाळ्याची लाज वाटली.

बारशाच्या आदल्या दिवशी मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. कोणत्याच औषधाने गुण आला नव्हता. काकू पायरीकडे पाहत उभ्या राहिल्या. नानाजींनी काखेतलं जिनिंगचं स्टूल काढून पायरीखाली ठेवलं. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चढल्या. कंडक्टर घाई करत होता. नानाजींनी स्टूल उचलून आत घेतलं. "यवतमाळले गाडी बदलाची हाय, तिथं लागंल."

"मग औषधांची ग्रेड?" मी खिडकीतून विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "मी याइले दोन वर्सापासून म्हणून राह्यली, मास्तर. औषध राहू द्या, मले फक्त चढाले हात द्या."

गाडी हलली तेव्हा स्टूल नानाजींच्या मांडीवर होतं, आणि एक हात काकूंच्या गुडघ्यावर, तेलाशिवाय.