दोन सम्राट आणि दहा दिवसांची रजा

छोट्या राज्याला शत्रूचा धोका नसतो, संरक्षकांचा असतो.

सन १५५५. तुर्की आणि इराणी सम्राटांनी तह करून जॉर्जिया वाटून घेतला. (जॉर्जियन राजांना निमंत्रण नव्हतं.)

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांची बिजागरं होतात.

नोव्हेंबरात विलासरावांचं सहस्रचंद्रदर्शन. साताऱ्यात हॉल ठरला.

हे सगळं एकाच डोक्यात नांदत होतं. सत्यजित हा विलासरावांचा एकुलता मुलगा, बिजागरांचा इंजिनिअर आणि बसमध्ये जॉर्जियाचा इतिहास वाचणारा मराठी माणूस. (अशांची जर्मनीतील एकूण संख्या: १.)

प्रत्येकाला दोन साहेब असावेत, अशी कंपनीची उदात्त व्यवस्था होती. विभागाचे हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांट, प्रकल्पाच्या फ्राउ (म्हणजे श्रीमती) क्योस्टर. दोघांचं आपसांतलं बोलणं २०१९ साली संपलं होतं. सत्यजितने जॉर्जियन राजांचा कित्ता गिरवला. ते घरी ख्रिस्ती नावाने राहत आणि शहाच्या दरबारी इराणी नावाने. हा ब्रांटसाठी 'सत्या' होता, क्योस्टरबाईंसाठी 'जित'. ब्रांट म्हणत, बाईंचं काम मागे ठेव. हा म्हणे, "गेनाऊ." (अगदी बरोबर.) बाई म्हणत, ब्रांटचं मागे ठेव. "गेनाऊ." वर्षअखेर शंभर टक्के काम मागे राहिलं आणि निष्ठेबद्दल दोघांनीही उत्तम शेरा दिला.

अडलं ते दहा दिवसांच्या रजेपाशी. एकाला आधी विचारलं, तर दुसऱ्याचं सैन्य सरहद्दीवर.

"तिकिटं काढू का?" बायको ईप्सिता विचारी.

"थांब गं. जरा वातावरण बघतो."

"फेब्रुवारीपासून वातावरणच बघतोयस. हवामान खात्यात तरी जा."

"फ्राग डोख आइनफाख, पापा!" मान वर न करता मुलगी अन्वी म्हणे. (सरळ विचार की! जर्मन शाळांत मुलांवर असले संस्कार होतात.)

फोनवर आई, मनोरमाबाई: "अरे, हे रोज विचारतात, येतोय ना? आणि साहेबांना विचारलं का त्याने?"

विलासराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शिंक आली तरी आधी साहेबांकडे बघत.

अशा वेळी राजे तिसरा सम्राट शोधतात. १७८३ साली जॉर्जियाच्या राजा एरेकलेने रशियाशी तह केला. रशियाने संरक्षणाचं वचन दिलं. सत्यजित रजेची दाद मागायला मुख्यालयातल्या, दोन्ही साहेबांच्या वरच्या परिवर्तन कार्यालयात गेला. (पुढचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं.)

"आल्झो, म्हणजे दोन साहेब हीच तुमची अडचण!" कार्यालय कळवळून म्हणालं, आणि महिन्याभरात ती सुटली. सत्यजितची जागा दोघांकडून काढून परिवर्तन कार्यालयात विलीन केली गेली. तिथे नव्या माणसाला सहा महिने रजा नाही.

पुढचं प्रकरण असं: १७९५मध्ये इराणी फौजेने तिबिलिसी जाळलं तेव्हा रशिया आला नाही. १८०१मध्ये आला, आणि राज्य खालसा केलं. साताऱ्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

विलासरावांना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, ते सत्यजितने ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी उभं राहून फोनवर पाहिलं. विलासराव पाटावरून बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

"साहेब नाही म्हणाले ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग ठीक आहे." आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. दिव्यांचा धूर फार होता.

वाचकांना इथे सत्यजितचं हसू आलं असल्यास त्यांनी ते रीतसर आपल्या साहेबांच्या परवानगीने हसावं.

सत्यजित वातावरण बघू लागला त्या फेब्रुवारीत कंपनीचा नियम असा होता: दहा दिवसांपर्यंतच्या रजेला परवानगी लागत नाही, नुसतं कळवलं की पुरे.