भागीरथीबाईंच्या तिसऱ्या पायरीची हकीकत

श्री. शून्यास नमन, एकास नमन, आणि ज्यास अंत नाही त्यास दुरूनच नमन. शके १९४५ शोभननाम संवत्सरे आषाढमासी भागीरथीबाई नलावडे गणिताच्या उच्च पदवीच्या मोहिमेस निघाल्या, तेथून हकीकत लिहितो. राज्याचे, म्हणजे त्या विद्यापीठाचे, नाव लिहीत नाही, लिहून राज्यास शोभा नाही आणि आम्हांस पोट आहे. बाई आपले गावी शाळेत मुलांस त्रैराशिक शिकवीत होत्या. तेथील कनिष्ठ महाविद्यालयात गणिताची जागा रिकामी जाहली, आणि कारभाऱ्यांचा निरोप आला की, पदवी घेऊन यावे, पुढचे सालच्या पुढले वैशाखापर्यंत जागा राखतो, नंतर आमचा इलाज नाही. तेव्हां यजमान शिवरामराव बोलिले, "जा तू. घरचं मी बघतो. पण एकदाच बरं का, पुन्हा पुन्हा नाही जमायचं." मग बाई राज्यात दाखल जाहल्या, आणि बीजगणिताचा गड सर केला, आणि विश्लेषणाच्या गडास शिड्या लावून तोही घेतला, आणि संस्थितीच्या, म्हणजे टोपॉलॉजीच्या, किल्ल्यास वेढा घालून बसल्या तो तेथील दरवाजा एकाच वेळी उघडा आणि बंद असू शकतो ऐसे कळले, तेव्हां बाईंस रडू आले. बरोबरचे शिलेदार कोणी बँकेच्या परीक्षांस गेले, कोणी संगणकाच्या मुलखी चाकरीस लागले, आणि मागल्या बाकांवर धूळ बसली. बाईंचे केस पिकू लागले, डोळ्यांखाली काळे आले, तरी बाई हटल्या नाहीत.

ह्या राज्यी रिवाज ऐसा की, थोरांनी फळ्यावर सिद्धता मांडता मांडता एखादे ठायी 'हे उघड आहे' म्हटले म्हणजे पुढे कोणी पुसो नये, पुसेल तो मठ्ठ. आम्ही इतकी वर्षे दरबारी आहो, आम्हांस एकही गोष्ट उघड जाहली नाही, परंतु मान डोलावतो, त्यावरच चाकरी टिकली. तो दुसरे साली प्रबंध लिहिण्याचा प्रसंग आला. बाईंचे मार्गदर्शक त्रिंबकशास्त्री मोघे, मोठे विद्वान, खडू हाती घेतला की जेवणाची शुद्ध नसे, परंतु वयपरत्वे थकलेले. त्यांनी प्रबंधाच्या पायऱ्या घालून दिल्या, आणि तिसरी पायरी ऐसी की, सांत, म्हणजे ज्यांस अंत आहे ऐशा, गटांस जो गुण खरा तो अनंत गटांसही खरा. बाईंनी कारण पुसले, तो शास्त्री म्हणाले, "उघड आहे. वैशंपायनांच्या ग्रंथात पाहा." बाईंनी ग्रंथ पाहिला, तो रंगोपंत वैशंपायनांनी लिहिले होते की, 'हे उघड आहे, त्रिंबकशास्त्र्यांनी आम्हांस सांगितले.' बाईंनी ग्रंथ मिटला. मग हट्टास पेटून स्वतः गट मांडीत गेल्या, मोडीत गेल्या, आणि फाल्गुनात एक अनंत गट ऐसा सापडला की त्यात तो गुण औषधालाही नाही. तिसरी पायरी कोसळली, आणि तिजवर उभा सगळा प्रबंध कोसळला. शास्त्र्यांस सांगू गेल्या, तो शास्त्री उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्याआडून म्हणाले, "बाई, तुम्ही दमला आहात. तोंडी परीक्षा होऊन जाऊ द्या." दमल्या होत्या हे खरेच.

शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे चैत्रमासी तोंडी परीक्षेचा दरबार भरला. बाहेरून परीक्षक आले ते खुद्द रंगोपंत. त्यांनी पहिल्या पायरीचे पुसले, दुसरीचे पुसले, आणि तिसरीस मान डोलावून पुढे गेले. शेवटी रिवाजाप्रमाणे म्हणाले, "काही सांगणे आहे?" यास उत्तर 'नाही' द्यावे, मग चहा यावा, मग सह्या व्हाव्या, ऐसे चालत आले. बाईंच्या तोंडी 'नाही' आलेही होते. जागा डोळ्यांपुढे होती, शिवरामरावांचे शब्द कानी होते. परंतु बोलल्या ते ऐसे, "सर, तिसरी पायरी खोटी आहे." आणि उठून फळ्यावर गट मांडला. रंगोपंत शास्त्र्यांस म्हणाले, "आपणच मला सांगितलंत." शास्त्री म्हणाले, "मी आपल्या ग्रंथावरून धरून चाललो." चहा आला तो गार जाहला. मग शास्त्री हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुसा तो फळा. सह्या करतो. तुमची जागा जाईल हो." बाईंनी डस्टर उचलून शास्त्र्यांपुढे धरले आणि म्हणाल्या, "मला नाही पुसवत, सर. आपण पुसा."

शास्त्र्यांनी डस्टर घेतले, फळ्याशी गेले, आणि वाचू लागले. एक ओळ वाचली, दुसरी वाचली, चष्मा पुसून पुन्हा पहिलीपासून वाचली. मग डस्टर खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे." आणि इतके बोलून कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिले, कारण प्रबंध खोटा तर पदवी नाही हा राज्याचा कायदा, आणि सही करताना त्यांस बाईंकडे पाहवले नाही. बाई घरी गेल्या. शिवरामरावांनी दारातच पुसले, "काय म्हणाले गं?" बाई म्हणाल्या, "बरोबर आहे म्हणाले." शिवरामरावांस आनंद जाहला. तो बाई म्हणाल्या, "अहो, नापास झाले मी." शिवरामराव म्हणाले, "बरोबर होतं, तर नापास कशी गं झालीस?"

एकूण हकीकत ऐसी की, वैशाखात जागा दुसऱ्याने घेतली, रंगोपंतांचा ग्रंथ अद्याप अभ्यासास नेमलेला आहे, आणि शास्त्र्यांनी शिकवणे सोडले. आषाढात बाईंनी पदवीस पुन्हा नाव घातले. भाकऱ्या शिवरामराव थापतात, त्या गोल होत नाहीत.