निर्गुडीला आवतण

आमचे विश्वनाथअप्पा निर्गुडीला आदल्या दिवशी आवतण देऊन येतात. झुडपाच्या बुडाशी चिमूटभर अक्षता टाकून सांगतात, "उद्या सकाळी येतो, बाई. कामाचंच हाय." मगच दुसऱ्या दिवशी पाला तोडायचा आणि पेडगावहून एस्टीनं परभणीला आमच्या प्रयोगशाळेत आणायचा. एकदा मी घाईत कॉलेजच्या कुंपणाची निर्गुडी ओरबाडून आणली, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

अप्पा इथले मदतनीस. दहावी नापास, पण इतका स्वच्छ हात मी डॉक्टरेटवाल्यांचाही पाहिलेला नाही. कपाळाला विभूती लावून येतात आणि उबेच्या कपाटातल्या पेशींना आधी "शरणार्थ" म्हणून हात जोडतात. या पेशी रोगाशी लढणाऱ्या, म्हणून अप्पांचे 'सिपाई'. आम्ही त्यांना मुद्दाम डिवचतो, की त्या सूज आणणारी द्रव्यं सोडतात. "सिपाई लय चवताळायलेत, म्याडम!" अप्पा कळवळतात. मग निर्गुडीच्या अर्कानं त्या शांत होतात का, ते मोजायचं.

माझा सगळा प्रबंध या मोजणीवर अडला होता आणि ऐन वेळी घोळ झाला. अर्क दिलेल्या पेशी शांत झाल्या आणि तुलनेसाठी बिनअर्काच्या ठेवलेल्या, कंट्रोलच्या पेशीही झाल्या! मी डोकं धरून बसले. अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या कंट्रोलच्या डबीत म्याच टाकले दोन थेंब. सगळ्यांला औषध अन् तिलाच कोरडं? तिनं काय घोडं मारलंय?"

मी भडकले. "अप्पा, एकाला तसंच सुजू दिलं, तरच दुसऱ्याला गुण आला हे कळतं!" पुढच्या खेपेला त्यांनी कंट्रोलच्या डबीकडे बघितलंसुद्धा नाही. अर्क खरंच लागू पडला होता.

"मंग माणसाला?" त्यांनी लगेच विचारलं.

"ते अजून लांब आहे, अप्पा."

रविवारी मी पेढे घेऊन पेडगावला अप्पांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोची, काकूंची बोटं सांधेवातानं वाकडी झालेली. अप्पा त्यांवर ऊन पाला बांधत होते. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे टम्म सुजलेले आणि उघडेच.

"तुमच्या गुडघ्यांना पाला?"

"ते कंट्रोल हायेत," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

"कवाधरनं सांगायले, ऐकतच न्हाईत," काकू म्हणाल्या. "म्हणतेत, तुला गुण येतोय का ते तरी कळंल."

उरलेला पाला मी तव्यावर टाकला, गरम केला आणि अप्पांच्या गुडघ्याला बांधायला घेतला.

"प्रयोग बिघडंल, म्याडम."

"बिघडू द्या," मी म्हटलं.