उमरेडची बाटली

चूक माझीच. तीही बसस्टँडवर, भर गर्दीत, मोकळ्या आवाजात. गुरुवारची सकाळ होती. मी तहसील कचेरीत निघालो होतो आणि उमरेडच्या गाडीत, खिडकीशी, आमचे शेजारी भोयरकाका दिसले. मी रस्त्याच्या अलीकडूनच ओरडलो, "काय काका, बाटलीसाठी चालले का उमरेडले?"

कंडक्टरचं तिकिटाचं मशीन थांबलं. काकांच्या शेजारची बाई पदर सावरून चार बोटं पलीकडे सरकली.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाटली हा शब्द आम्ही पाण्याच्या बाबतीतही जरा जपूनच वापरतो. दर गुरुवारी हद्द ओलांडून नागपूर जिल्ह्यात जाणाऱ्या माणसाला भर स्टँडवर असं विचारणं म्हणजे त्याच्या नावानं दवंडी पिटणं. संध्याकाळपर्यंत सगळ्या समुद्रपुराला कळलं, की भोयर कंट्रोलर म्हातारपणी प्यायला लागले.

घरी बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमचा बंटी हैदराबादला नोकरी लागली म्हणून नवी बॅग उघडून बसला होता, त्यानंही पाहिलं.

आता बाटली होती हे खरं. तिच्यात व्होडका होती हेही खरं. पण काका सुपारीसुद्धा खात नाहीत.

भोयरकाकांनी उभा जन्म एसटीच्या कंट्रोलरच्या खिडकीत काढला. गाड्या सोडल्या. रिटायर झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते माणसं सोडू लागले. "चला, टाइम झाला," हे त्यांचं वाक्य. लग्नाच्या पंगतीत जिलेबी यायच्या आत ते उठतात आणि शेजारच्यालाही उठवतात. आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा चौथ्या अध्यायात त्यांनी गुरुजींना घड्याळ दाखवलं. चहा उभ्यानं पितात, तोही बशीत ओतून, कारण कपातला निवेपर्यंत थांबणार कोण? एकदा दाढी अर्धी झालेली असताना न्हाव्याच्या खुर्चीवरून उठून बाहेर गेले, नागपूरची गाडी वेळेवर आली का ते बघायला. उरलेली अर्धी घरी केली. काकू गेल्यापासून हे जास्तच झालं. घरात पाच मिनिटं बूड टेकत नाही.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीनं जगातलं सगळ्यात सावकाश होणारं काम दिलं.

स्वाती बंगलोरला असते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा व्हॅनिलाच्या शेंगा घेऊन आली. काळ्या, सुरकुतलेल्या, हुबेहूब उन्हात विसरलेल्या चवळीच्या शेंगा. म्हणाली, बाबा, ह्या उभ्या चिरायच्या, व्होडकात बुडवायच्या, बाटली अंधारात ठेवायची, अधूनमधून हलवायची. सहा-आठ महिन्यांत घरचं व्हॅनिला इसेन्स तयार. मग मी येते आणि आईसारखा केक करते. काकू कुकरमध्ये वाळू घालून केक करायच्या. त्याचा वास आमच्या न्हाणीघरापर्यंत यायचा.

काका हो म्हणाले. स्वाती गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की व्होडका म्हणजे दारू आणि आपण राहतो वर्धा जिल्ह्यात. ज्या माणसानं नोकरीत एक गाडी वेळेआधी सोडली नाही, तो कायदा मोडणार? शेवटी त्यांनी तोड काढली. उमरेडला बहीण आहे. बाटली तिच्या घरी राहील, व्होडका तिचे मालक आणतील, आणि हलवायला काका जातील. म्हाताऱ्यांच्या अर्ध्या तिकिटात, गिरडमार्गे, दर गुरुवारी. बहीण म्हणाली, मी हलवीन ना दादा. काकांना ते पटलं नाही. म्हणाले, ती एकाच अंगानं हलवते.

पुढचाही बंदोबस्त ठरला होता. तयार झालेला अर्कसुद्धा हद्दीच्या आत आणायचा नाही. केक उमरेडलाच भाजायचा. भाजताना दारू उडून जाते, मग नुसता केक समुद्रपूरला आणायला हरकत नाही. यात कायद्याची काही अडचण येते का, हे मी कचेरीत विचारावं असा त्यांचा आग्रह होता. नायब तहसीलदारांसमोर हा प्रश्न घेऊन उभं राहायची माझी छाती झाली नाही.

माझ्या आरोळीनंतर भजन मंडळातला एक जण त्यांना म्हणाला, "काका, येताना आमच्यासाठीबी एक आणजा." काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टाळ वाजवत राहिले. मी हात जोडले. म्हटलं, लोकांना खरं काय ते सांगून टाका, नाहीतर मी सांगतो. ते म्हणाले, नको, राहू द्या.

मला राहवेना. पुढच्या गुरुवारी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर निघालो. बाटलीचा फोटो काढायचा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा, असा बेत.

बहिणीनं धान्याच्या कोठीमागून बाटली काढली. काकांनी ती दोन्ही हातांनी धरून आडवी, उभी, परत आडवी हलवली. रंग कोऱ्या चहासारखा गडद. झाकण उघडलं तर खोलीभर वास. मला एकदम आमचं न्हाणीघर आठवलं. मी म्हटलं, काका, हे तर झालं तयार.

बहीण चहा ठेवायच्या निमित्तानं मला आत घेऊन गेली. हळूच म्हणाली, "उन्हाळ्यातच झालं ते. पोरीले सुट्टी नाई भेटली. मंग तिच्या लेकराची परीक्षा आली. आता दिवाळीलेबी जमत नाई म्हनते."

बाहेर आलो तर काका बसले होते. खुर्चीवर, पाठ टेकून, बाटली मांडीवर घेऊन. इतकी वर्षं शेजार आहे, त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"लोकं विचारतात, पोरगी काऊन नाई येऊन राह्यली," ते बाटलीकडे बघत म्हणाले. "मी सांगतो, व्हॅनिला व्हाचा हाय अजून. कशात, कुठं, ते नाई सांगत. तिले कायले दोष?"

फोटोतला रंग बघून तयार झालंय हे गावाला कळलं असतं, तर काकांना दुसरं उत्तर शोधावं लागलं असतं. त्यापेक्षा बेवडा म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं. फोन मी खिशातच ठेवला.

परतीच्या गाडीची वेळ झाली. काका उठेनात. शेवटी मीच म्हणालो, "चला काका, टाइम झाला."

"नाई झाला," काका म्हणाले, आणि त्यांनी बाटली पुन्हा एकदा हलवली.

ती गाडी गेली. आम्ही पुढच्या गाडीनं आलो.

रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती बंटीच्या बॅगेत लोणच्याची बरणी बसवत होती, टॉवेलात गुंडाळून. चेन ओढत म्हणाली, "हा जाऊन राह्यला सोमवारी. आपण काय हलवत बसाचं, ते आतापासूनच पाहून ठेवा."