गुरपादप्पांचा टांगता समुद्र

निजामाच्या अमदानीत आमच्या उमरग्याला एकच समुद्र होता, आणि तो गुरपादप्पांच्या किराणा दुकानात, आढ्याला साखळ्यांनी टांगलेला होता. वस्तुतः ती एक लाकडी फळी होती. घरोघरी बंगई असते तशीच. फरक इतकाच की तिच्यावर माणसाने बसण्यास सक्त मनाई होती. फळीवर पत्र्याचे डबे ठेवलेले असत, डब्यांत कडक भाकरी असे, आणि समोरच्या पोत्यावर टेकलेल्या प्रत्येकाने बोलता बोलता एका पायाने फळीला झोका देत राहावे, असा दुकानाचा शिरस्ता होता. मधूनच आप्पा उठत आणि डब्यांवर मिठाच्या पाण्याचा हबका मारीत.

"दर्या खवळला," असे ते त्या वेळी गंभीरपणे सांगत.

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मीही पाहिलेला नव्हता. किंबहुना ज्यांनी पाहिला होता ते सारे समुद्राच्या पलीकडेच राहिले होते, आणि आप्पांचा व्यापार नेमका त्यांच्याशी होता. आमच्या भागातले काही जण रंगूनला शिवणकाम करीत, काही बसऱ्याला होते, काही मोंबासाकडे रेल्वेच्या कामावर गेले होते. या मंडळींना इथली भाकरी विकायची, हा आप्पांचा ध्यास. "तिकडं सोनं मिळंल, मास्तर, रेशीम मिळंल," ते मला समजावीत. "पर शाळूची भाकरी कोण देतंय?"

कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ थापून, भाजून, चुलीच्या उबेला उभी करून वाळवलेली ज्वारीची भाकरी. ती महिनोन्‌महिने टिकते. शेजारच्या गंगव्वा त्या करून देत आणि आप्पा शेंगाच्या चटणीची पुडी घालून त्या डब्यात भरत. अट एकच होती: भाकरी गिऱ्हाइकाच्या हातात अखंड पडली पाहिजे. "साबूत पोचली पायजे," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की मीठ न्यायला आलेली माणसेही जाताना त्यांना तेच ऐकवून जात. त्यांच्या मते तुटलेली भाकरी हे अन्न असते, पण साबूत भाकरी म्हणजे घर. या एका गोष्टीसाठी त्यांनी भुसा, कापूस, केळीचे सोपट असे सगळे प्रकार डब्यात घालून पाहिले आणि बोटीच्या हेलकाव्यांत भाकरी टिकते का ते पाहायला तो समुद्र टांगला.

गावातल्या गिऱ्हाइकाकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. तेल मागावे तर, "जरा थांबा, मोंबासाचं बांधतोय," असे उत्तर मिळे. मात्र मोटार स्टँडवर ते प्रत्येक उतारूला, उपवर मुलीची चौकशी करावी तशा अदबीने विचारीत, "तुमचं कुणी दर्यापार हाय का?" असलेच, तर आप्पा त्या घरी जाऊन बसत, मुलगा लहानपणी काय खात असे ते विचारीत, आणि आई रडू लागली की स्वतःही रडत. मग डोळे पुसून पत्ता मागत.

गंगव्वांना हे पटत नसे. "शेजारी बसून जेवंल असं माणूस न्हाय घरात," त्या भाकरी मोजून देताना म्हणत, "आन निघालाय रंगूनला वाढाया." आप्पांचे घर प्लेगच्या एकाच साथीत रिकामे झाले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. गंगव्वांच्या टोमण्याला ते हसत आणि भाकरी उजेडात धरून तिला तडा आहे का ते पाहत.

जाहिरातीचे काम माझ्याकडे आले. मी हैदराबादेस शिकून शाळेत मास्तर झालेला, आणि चार लोकांत तोंड उघडण्याचा प्रसंग आला तर घाम फुटणारा. परंतु कागदावर मला थोडे धैर्य येई. मोठ्या परिश्रमाने मी 'परदेशस्थ बांधवहो' अशी सुरुवात करून मातृभूमी, अन्नब्रह्म आणि स्मृतिसुगंध यांची एक पानभर गुंफण केली. आप्पांनी ती डोळे मिटून ऐकली.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ह्याच्यात भूक न्हाय, मास्तर. हे वाचून माणूस आंघोळ करंल. जेवायचा न्हाय."

मग त्यांनी स्वतः दोन वाक्ये सांगितली आणि सोलापूरच्या छापखान्यातून गुलाबी कागदावर छापून आणली: 'तुमच्या आईच्या हातची न्हाय. पर तिच्याच गावच्या ज्वारीची हाय.' हे कागद त्यांनी दर्यापार पत्रे धाडणाऱ्या घरांत वाटले, म्हणजे ख्यालीखुशालीबरोबर जाहिरातही फुकट जावी. पत्राच्या टपालखर्चात आपला कागद बसवणारा दुसरा व्यापारी मी पाहिला नाही. मागण्या येऊ लागल्या. प्रत्येक डब्यातून 'साबूत पोचली का, कळवावे' अशी विनंती जाई, आणि प्रत्येक ठिकाणाहून 'साबूत मिळाली' असे उत्तर येई. ते आले की आप्पा रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून गुळाचा खडा देत.

डबे टपालात टाकायला सोलापूर गाठावे लागे. तो इंग्रजांचा मुलूख, म्हणजे आमच्या दृष्टीने परदेश तिथूनच सुरू होई, आणि वाटेत निजामाचा करोडगिरी नाका जकात वसूल करण्यासाठी उभा असे. एकदा मी आप्पांबरोबर होतो. नाकेदाराने डबा उघडून भाकरीवर बोट वाजवले आणि विचारले, "ये रोटी है की तख्ती?" आप्पा म्हणाले, "चख के देखो, हुजूर." हुजुरांनी चावा घेतला, तेव्हा झालेल्या आवाजाने झाडाखालचा बैल उठून उभा राहिला. नाकेदार बराच वेळ गंभीरपणे चावत राहिला. अखेर जकातीचा विषय त्याने काढलाच नाही. उलट डबा पुन्हा बांधायला स्वतःची सुतळी दिली, आणि बसऱ्याला असलेल्या आपल्या मामूचा पत्ताही दिला.

पुढे महायुद्ध पूर्वेकडे सरकले आणि रंगून पडल्याचे वर्तमान आले. रंगूनकडचे टपाल थांबले. तिथले लोक डोंगरजंगलांतून पायी निघाले आहेत, असे ऐकू येई. आप्पा रोज मला सोलापूरचे वर्तमानपत्र वाचायला लावत. मी फौजा आणि विमाने वाचत असे, ते मधेच विचारीत, "सिद्राम शिंप्याचं काय लिवलंय?" सिद्राम त्यांचे रंगूनचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. दोघांची कधी गाठ पडलेली नव्हती. वर्तमानपत्रात सिद्राम शिंप्याचे काही नसते, हे त्यांना सांगणे मला अवघड जाई. "लिवत्याल उद्या," ते म्हणत.

"दर्या आटला, आप्पा," गंगव्वा म्हणाल्या. "उतरवा ती फळी."

आप्पांनी फळीला झोका दिला.

आणि एके दुपारी दुकानासमोर एक मनुष्य येऊन उभा राहिला. अंगात कोणीतरी दिलेला खाकी कोट, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, गालफडे आत गेलेली. आप्पांनी मान वर न करता विचारले, "मीठ का गूळ?"

"कायच नगं," तो म्हणाला. "म्या सिद्राम. रंगूनचा."

आप्पा उठून उभे राहिले. सिद्रामविषयी तासन्‌तास बोलू शकणाऱ्या त्या माणसाला सिद्रामशी काय बोलावे ते सुचेना. त्यांनी त्याला पोत्यावर बसवले, पाणी दिले. तो बहिणीच्या गावी निघाला होता. तिकडे जाणारी मोटार संध्याकाळी होती. मधे वेळ होता आणि उमरग्यात हा एकच पत्ता त्याला पाठ होता. पाणी पिऊन होईपर्यंत आप्पा थांबले, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"साबूत पोचायची का?"

सिद्रामने माझ्याकडे पाहिले, फळीवरच्या डब्यांकडे पाहिले. "साबूत? आप्पा, पीठ यायचं पीठ. डबा हलवला की वाळूवानी वाजायचा."

"पर तुमी तर साबूत म्हणून कळवलं व्हतं."

"समद्यांनीच कळवलं. खरं कळवलं असतं, तर तुमी धाडायचं थांबला असता."

मग त्याने सगळे सांगितले. डबा आला की इकडची मंडळी सुटीच्या दिवशी त्याच्या खोलीत जमत. तो चुरा एका परातीत ओतायचा, चटणी आणि कांदा मिसळायचा, आणि एकेक मूठ प्रत्येकाने घ्यायची. बोलणे सगळे गावाकडचे. "साबूत आली असती," तो म्हणाला, "तर म्या एकट्यानंच खाल्ली असती."

आप्पांनी डबे एका बाजूला सारले आणि ते फळीवर बसले. आजवर तिच्यावर कोणी बसलेले मी पाहिले नव्हते. बराच वेळ ते नुसते हलत राहिले. नंतर त्यांनी हळूच एक डबा उघडला आणि आतली अखंड भाकरी, अगदी पौर्णिमेच्या चंद्रासारखी, सिद्रामपुढे धरली.

सिद्राम ओशाळून हसला. वाटेतल्या उपासमारीने त्याचे दात हलू लागले होते. "चावत न्हाय आता," तो म्हणाला. "आन खरं सांगू का, आप्पा? तिकडं आठवायची ती तव्यावरची. मऊ. टम्म फुगल्याली. ती काय डब्यातनं येत न्हाय."

गंगव्वा दारातच होत्या. मी करते, असे म्हणून त्या वळल्या, तर आप्पांनी त्यांना अडवले. "गिऱ्हाईक माझं हाय," ते म्हणाले आणि आत गेले. बराच वेळ भांडी वाजत राहिली. अखेर ते तवा घेऊन बाहेर आले. तव्यावर गंजाचा थर होता आणि काठाला कोळ्याने जाळे विणले होते. आमच्याकडे न पाहता त्यांनी तो राखेने घासला. जगाला भाकरी पुरवणारा हा माणूस इतकी वर्षे काय खात होता, हे गंगव्वांच्या आणि माझ्या एकदमच ध्यानात आले. परीक्षेत नापास झालेल्या, तडा गेलेल्या त्या भाकरी कुठे जातात, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

 गंगव्वांनी आपल्या चुलीतला विस्तव आणून दिला आणि पिठात किती पाणी घालायचे ते हलक्या आवाजात सांगितले.

आप्पांची पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. दुसरी फुगली, पण एका अंगाने. सिद्रामने ती हातात घेतली, तिच्यातून निघणारी वाफ चेहऱ्यावर घेतली आणि मग हळूहळू, हिरड्यांनी दाबत, तो खाऊ लागला. आप्पा पुढची थापत होते. त्यांच्या कपाळाला पीठ लागले होते. तिसरी ताटात पडली तेव्हा सिद्रामने तिचे दोन भाग केले आणि एक त्यांच्याकडे सरकवला.

"तुमी बी बसा की, आप्पा."

आप्पा बसले. घास तोंडात गेल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि रंगूनचा दर्या आडवा हलतो की उभा, असे विचारायला सुरुवात केली. सिद्राम सांगू लागला. गंगव्वांनी परात स्वतःकडे ओढून घेतली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

संध्याकाळची मोटार भोंगा वाजवून निघून गेली. सिद्रामला तिची आठवण करून द्यावी, असे आम्हा तिघांपैकी कोणालाही वाटले नाही.